फायबर कुजत नाही, आतले लाकूड कुजते

धारवाडात सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला पुढे बेडतीला मिळते. बेडती मागोडचा कडा उतरते, खाली गंगावळी म्हणून वाहते आणि अंकोल्याच्या दक्षिणेस समुद्राला मिळते. आपल्या मुलुखाचा किनाऱ्याशी असा जुना संबंध आहे. तळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडणाऱ्या शेतकऱ्याला जाळे टाकायला व खाद्य घालायला होडी लागते. नवी परवडत नाही. मग कारवार-अंकोल्याकडची एखादी जुनी फायबरची होडी ट्रकवर घालून आणावी, असा विचार मनात येतो.

विचार चांगला आहे. परंतु अशी होडी बाहेरून चकचकीत दिसते आणि डेकवर पाय ठेवला की फळी दबते. विकणारा म्हणतो, "वरून एक चटई मारा, झाले काम." वाचकहो, येथेच फसगत होते. वरून लावलेला थर आतली कूज झाकतो, थांबवीत नाही.

कूज येते कोठून?

काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझीन यांची होडी अमेरिकेत १९४२ च्या सुमारास तयार झाली. पुढे ती जगभर पसरली. कारण हे की काच आणि रेझीन यांना वाळवी लागत नाही व बुरशी खात नाही. पण नुसते फायबर पायाखाली लवते. म्हणून डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड घालतात. तळाला ताठपणा देणाऱ्या वाशांत आणि इंजिन टांगण्याच्या मागच्या फळीतही बहुधा लाकूडच असते.

या लाकडात पाणी शिरते ते लहानशा वाटांनी. जाळ्याचा आकडा बसविण्यासाठी पाडलेले स्क्रूचे भोक, दोर बांधण्याच्या खुंटीचा सैल झालेला बोल्ट, झाकणाची न माखलेली कड, या त्या वाटा. आत गेलेले पाणी बाहेर येऊ शकत नाही, कारण दोन्ही बाजूंना फायबर असते. लाकडातील ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजविणारी बुरशी वाढत नाही. ओलसर ज्वारी पेवात घालून तोंड बंद केले तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. होडीत तेच घडते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खारे पाणी बुरशीला काही अंशी आवरते. गोडे पाणी तिला पोसते. समुद्रातल्या होडीचा डेकसुद्धा कुजतो तो मुख्यतः पावसाच्या पाण्याने. तेव्हा अर्धवट कुजलेली होडी तळ्याच्या गोड्या पाण्यात आणली आणि पावसाळाभर उघडी ठेवली, तर कूज पुढेच जाईल.

घेण्यापूर्वी तपासणी

लहान हातोडीच्या लाकडी मुठीने डेक वीतवीत अंतरावर ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर जागा चांगली. "भद्द" असा मेलेला आवाज आला तर खडूने खूण करावी. शंका असेल तेथे खालच्या बाजूने बारीक भोक पाडून भुसा पाहावा. कोरडा व फिकट भुसा चांगला. काळा, ओला, वास मारणारा वाईट.

मग मागची फळी पाहावी. इंजिन वर-खाली हलवून पाहिले असता फळी वाकत असेल, तर डेकपेक्षा हा धोका मोठा आहे. फळी तुटली तर इंजिन पाण्यात जाते आणि त्या भगदाडातून पाणी आत येते. डेक, वासे व मागची फळी ही तिन्ही कुजली असतील आणि तळही मऊ लागत असेल, तर ती होडी फुकटसुद्धा घेऊ नये. जुने फायबर सरपणाला चालत नाही. त्याचा धूर विषारी असतो.

तळ ठणठणीत असेल व केवळ डेक गेला असेल, तर मात्र दुरुस्ती करावी. जुन्याची डागडुजी करण्यात कमीपणा नाही. १९८६ साली दुष्काळामुळे गालील समुद्राचे पाणी आटले, तेव्हा चिखलात सुमारे ८ मीटर लांबीची एक होडी सापडली. ती पहिल्या शतकाच्या सुमाराची आहे. निरनिराळ्या जातींच्या लाकडांची ठिगळे लावून कोळ्यांनी ती चालविली होती. प्रभू येशूच्या काळचे कोळीदेखील असेच काटकसरीने जगत होते.

दुरुस्तीची रीत

काम उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत, रब्बीची मळणी आटोपल्यावर काढावे. ओलसर हवेत रेझीन नीट बसत नाही.

१. होडी सपाट जागी, तळाला चार-पाच ठिकाणी चांगला टेका देऊन ठेवावी. डेक काढल्यावर होडीचा ताठपणा जातो व कडा फाकतात. म्हणून आधी दोन्ही कडांमधील अंतर जागोजाग मोजून लिहून ठेवावे आणि आडव्या फळ्या ठोकून ते कायम राखावे.

२. वरचा फायबरचा पत्रा कडेपासून सुमारे दोन इंच आत कापावा. ही पट्टी पुढे नवा डेक जोडायला लागते. पत्रा अखंड निघाला तर जपून ठेवावा. तो परत बसविता येतो.

३. कुजके लाकूड सगळे काढावे. कुजक्याच्या पुढे वीतभर चांगले लाकूडही काढावे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. खालच्या पोकळीतील फोम हाताने दाबून पाहावा. पाणी निघाले तर तो काढून टाकावा. भिजलेला फोम तरंगवीत नाही, उलट ओझे होतो.

४. आता घाई करू नये. होडी मांडवाखाली वाळू द्यावी. आतल्या लाकडाचा एक तुकडा काढून तो होडीतच ठेवावा व दर दोन दिवसांनी तोलावा. वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे.

५. नवे प्लायवूड आय.एस. ७१० छापाचे, म्हणजे मरीन प्लाय घ्यावे. दोन्ही बाजू, आणि विशेषतः कापलेल्या कडा, इपॉक्सीने माखून घ्याव्यात. कडाच जास्त पाणी पितात. साधे पॉलिएस्टर रेझीन लाकडाला व जुन्या फायबरला तितके घट्ट धरत नाही, म्हणून जोडकामाला इपॉक्सी बरी. ती महाग आहे, पण कामही थोडेच असते. इपॉक्सीबरोबर विणलेले काचकापड वापरावे. सुट्या तंतूंच्या साध्या चटईतील बांधणी पॉलिएस्टरसाठी असते.

६. प्लायवूड बसवून त्यावर वाळूची पोती ठेवावीत, म्हणजे खाली पोकळी राहणार नाही. जोडाच्या ठिकाणी जुने फायबर तिरपे घासावे. जाडीच्या सुमारे बारा पट रुंद उतार ठेवला तर जोड टिकतो.

७. प्रत्येक स्क्रूसाठी मोठे भोक पाडावे, ते इपॉक्सीने भरावे, घट्ट झाल्यावर मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. असे केले म्हणजे पाणी शिरले तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही. सगळ्या दुरुस्तीचे सार याच कलमात आहे.

लाकूड आणि फायबर यांचे वैर नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाचे लाकूड औषधी प्रक्रिया करून, वर फायबरचे कवच देऊन होड्या बनविल्या आहेत. लाकूड आधी राखलेले हवे, एवढीच अट.

जिवाला जपा

पॉलिएस्टर रेझीनबरोबर दुकानात दोन द्रव देतात: कोबाल्टचे जांभळे द्रव आणि पेरॉक्साइडचे हार्डनर. ही दोन्ही एकमेकांत कधीही थेट मिसळू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळावे, मगच हार्डनर घालावे. हार्डनर किलोला १० ते २० ग्रॅम पुरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कमीच घ्यावे व सकाळी काम करावे.

हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. डोळ्यांना चष्मा लावावा. थेंब गेलाच तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. फायबर घासताना नुसता रुमाल पुरत नाही. धूळ अडविणारा चांगला मास्क, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. होडीच्या पोकळीत वाकून काम करताना रेझीनच्या वाफेने डोके दुखू लागले तर तत्काळ उघड्यावर यावे. जवळपास बिडी किंवा चूल नको, आणि लहान मुले तर नकोतच.

शेवटची कसोटी

लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते. फायबर पाण्यापेक्षा जड असल्यामुळे फायबरची होडी भरली की तळाला जाते. म्हणून नव्या डेकखाली पाणी न शोषणारा फोम, नाही तर घट्ट बुचाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन पक्के बांधून ठेवावेत. मग कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम भरून पाहावी. तरंगली तरच खोल पाण्यात न्यावी, आणि तीही जीवरक्षक जाकीट घालून.

७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला आणि एक ट्रक नदीत पडला. स्थानिक मच्छीमार व पोलीस यांनी त्याच्या चालकाला वाचविले. पाण्यावर जगणाऱ्यांवर अशी हाक कधीही येते. तेव्हा आपली होडी भरवशाची आहे की नाही, हे आधीच पाहून ठेवलेले बरे.

पावसाळ्यात होडी पालथी घालून, खाली वारा खेळेल अशा टेकूंवर ठेवावी. आणि दरवर्षी आगोटीपूर्वी एकदा हातोडीच्या मुठीने डेक ठोकून ऐकावा. अर्ध्या तासाचे हे काम दुसऱ्यांदा डेक कापण्याची पाळी येऊ देत नाही.