दम लवकर वाढतो, हाड सावकाश

पोलीस किंवा सैन्य भरतीची चाहूल लागली, की हातकणंगले तालुक्यातल्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींची संख्या एकदम वाढते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. मैदानी खेळांच्या भाषेत ही मध्यम पल्ल्याची धाव. हातात वेळ थोडा, वयाची मर्यादा जवळ आलेली, त्यामुळे दोन महिन्यांत सगळे साधायची घाई असते. अशा प्रत्येक मुलाने आणि त्याच्या पालकांनी अविनाश साबळे या धावपटूची वाटचाल नीट पाहावी. तोही सैन्यातूनच मैदानावर आला.

साबळेचा जन्म १९९४ चा, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. घरची शेती. शाळा सहा किलोमीटरवर आणि वाहनाची सोय नाही, त्यामुळे लहानपणापासून ते अंतर चालत किंवा पळत कापावे लागे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम अशा ठिकाणी त्याने नोकरी केली. स्पर्धेसाठी धावायला लागला तो २०१५ मध्ये, विशी ओलांडल्यावर. सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री शर्यतीच्या तयारीत त्याने आधी सुमारे २० किलो वजन उतरवले आणि २०१७ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेस हा प्रकार निवडला.

स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत. पुरुषांच्या शर्यतीत सुमारे तीन फूट उंचीचे अडथळे २८ वेळा आणि पाण्याचा खड्डा ७ वेळा ओलांडावा लागतो. हे अडथळे जड असतात, पाय लागला तर ते पडत नाहीत, धावणारा पडतो. म्हणजे आठ-सव्वाआठ मिनिटांच्या धावेत ३५ वेळा उडी आणि तितक्याच वेळा एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार.

सहा वर्षांत वीस सेकंद

२०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे साबळे जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला मुकला. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ८:२१.३७, टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२. ही वेळ राष्ट्रीय विक्रमाची होती, तरी अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेत रौप्यपदक मिळाले, सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने गेले. १९९८ ते २०१८ या सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती, हे लक्षात घेतले की या रौप्याचे मोल कळते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले. २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ आणि महिन्याभराने पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अकरावा क्रमांक.

भुवनेश्वर ते पॅरिस हा हिशेब मांडला तर सहा वर्षांत सुधारणा झाली वीस सेकंदांची. दिवसभर सराव, प्रशिक्षक, आहार आणि वैद्यकीय मदत हाताशी असलेल्या खेळाडूला एवढ्यासाठी सहा वर्षे लागली.

शरीराची दोन घड्याळे

याचे उत्तर शरीराच्या कामकाजात आहे. पाच-सहा मिनिटांच्या धावेत लागणारी बहुतेक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते. त्यामुळे हृदय, रक्त आणि स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता हीच खरी पुंजी. नियमित सराव सुरू झाला की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकू लागते आणि धाप कमी लागते. स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे मात्र महिन्यांच्या सरावाने दाट होते. सियाचीनला राहिल्यामुळे साबळेचा दम वाढला, असे अनेकांना वाटते. उंचीवर तांबड्या पेशी वाढतात हे खरे, पण खाली उतरल्यावर काही आठवड्यांत त्या पुन्हा पूर्वीइतक्या होतात. टिकतो तो वर्षानुवर्षांचा सराव.

हाडाचे घड्याळ याहून सावकाश चालते. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड काढून टाकते आणि मग तिथे नवे, मजबूत हाड भरते. काढणे काही आठवड्यांत होते, भरायला साधारण तीन महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चे असते. नेमके याच वेळी दम वाढलेला असतो, मुलाला हुरूप आलेला असतो आणि तो अंतर दुप्पट करतो. मग नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला केसासारखी बारीक चीर जाते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हा आजार भरतीइतकाच जुना आहे. ब्राइटहाउप्ट या प्रशियन सैन्यातील डॉक्टरांनी १८५५ मध्येच कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन करून ठेवले आहे.

अस्थिबंधांचेही तसेच. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत साबळे पडला आणि त्याच्या गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध व मेनिस्कस ही गादी दुखावली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा शस्त्रक्रियेत शरीरातलाच एक तुकडा घेऊन नवा अस्थिबंध बसवतात. तो गुडघ्यात रुजायला आणि बळकट व्हायला अनेक महिने जातात. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. आशियाई विजेत्याला तरी यातून सवलत नाही.

तयारी करताना

धावण्याची सवय नसेल तर पहिले काही आठवडे चालणे आणि हळू पळणे यांची सांगड घालावी. आठवड्याचे अंतर थोडे थोडे वाढवावे, पूर्ण वेगाची धाव आठवड्यातून दोनदा पुरे, एक दिवस पूर्ण विश्रांती. शक्य असेल तिथे डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची भीती असते ती वेगळीच. वजन कमी करायचे म्हणून उपाशी राहून धावू नये. मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि पाळी थांबली तर ते तयारीचे लक्षण समजू नये. शरीराला अन्न कमी पडत असल्याची आणि हाडे झिजण्याची ती सूचना असू शकते. दम वाढवणारी म्हणून विकली जाणारी इंजेक्शने आणि गोळ्या घेऊन उन्हात धावणे जिवावर बेतू शकते.

नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, रात्री किंवा बसल्या जागीही ठणका लागत असेल, तर धावणे लगेच थांबवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर बहुधा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणे कायम असेल तर पुन्हा दाखवावे. वेळीच ओळखलेली नडगीची चीर बहुतेक वेळा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहिले तर हाड पूर्ण मोडू शकते.

धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी ईसीजी आणि तपासणी करून घ्यावी, मगच मैदानावर जावे. उन्हात धावताना एखादा असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये आणि १०८ ला फोन करावा. पुढच्या भरतीची तयारी जाहिरात निघण्याची वाट न पाहता आजपासून हळूहळू सुरू केली, तर हाडालाही त्याचा वेळ मिळेल.