मृतदेहाचे प्रदर्शन आणि लोकशिक्षण

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर हे तालुक्याचे गाव पूर्वी एदलाबाद या नावाने ओळखले जाई. वारकरी परंपरेनुसार शके १२१९ मध्ये, म्हणजे इ. स. १२९७ साली, याच परिसरात तापीतीरी संत मुक्ताबाई विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या. देह मागे उरला नाही. तरीही कोथळी व मेहूण येथे माघातील यात्रेस भाविकांची रीघ लागते. अशा यात्रेत आरोग्य-प्रदर्शन मांडावयाचे ठरले आणि कोणी सुचविले की, विडीच्या धुराने काळवंडलेले फुप्फुस चित्रात दाखविण्याऐवजी खरेच काचपात्रात ठेवावे, तर संयोजकांनी काय उत्तर द्यावे?

सूचना अगदीच टाकाऊ नाही. प्रत्यक्ष पाहिलेले मनावर ठसते, हे शिक्षकांस सांगावयास नको. जर्मनीतील गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ साली मृतदेहातील पाणी व चरबी काढून तेथे प्लास्टिकसदृश द्रव्य भरण्याची पद्धत शोधली. अशा देहांचे त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन १९९५ साली टोकियो येथे भरले आणि पुढे जगभर कोट्यवधी लोकांनी ही प्रदर्शने पाहिली. त्यांतील देह स्वेच्छेने दान केलेले आहेत, असे संयोजक सांगतात. परंतु याच धर्तीवर दुसऱ्या एका कंपनीने मांडलेल्या प्रदर्शनातील देह चीनमधून आले होते. ते तेथील कैद्यांचे नव्हेत, याचा पुरावा आपल्यापाशी नाही, असे त्या कंपनीला २००८ साली न्यूयॉर्क राज्याशी झालेल्या तडजोडीनुसार प्रेक्षकांना सांगावे लागले. पुढच्याच वर्षी पॅरिसमधील असे एक प्रदर्शन न्यायालयाने बंद पाडले.

तेव्हा खरा प्रश्न काचपात्राचा नसून, त्यातील अवयव कोणाचा आणि तो कोणाच्या संमतीने तेथे आला, हा आहे.

देह पुरातन असला म्हणजे हा प्रश्न संपतो काय? मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी जन्मलेले महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९५ साली बडोद्याच्या संग्रहालयासाठी इजिप्तमधील एक ममी मिळविली. प्रजेला दूरदेशीच्या संस्कृतीचे ज्ञान व्हावे, हा त्यांचा हेतू स्तुत्यच होता. खुद्द खानदेशातही गिरणाकाठच्या बहाळ-टेकवाडे येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफने आढळली आहेत. त्या माणसांना विचारणे आता शक्य नाही. तथापि ज्यांचे वंशज बोलू शकतात, तेथे जग आपली भूमिका बदलीत आहे. दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन ही स्त्री १८१५ साली पॅरिसमध्ये मरण पावली. तिचे अवशेष तेथील संग्रहालयात दीर्घकाळ मांडलेले होते. ते २००२ साली मायदेशी आणून सन्मानाने पुरण्यात आले. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले.

आपल्या शाळांशी याचा निकटचा संबंध आहे. १९८५ साली केंद्र सरकारने मानवी अस्थींच्या निर्यातीस बंदी घातली. तोवर परदेशी वैद्यकीय विद्यालयांना लागणारे सांगाडे मोठ्या संख्येने भारतातूनच जात. येथील शाळांच्या विज्ञान-कपाटांतील जुने सांगाडेही कित्येकदा खरेच असत. स्नेहसंमेलनात अशा सांगाड्याच्या डोक्यावर टोपी आणि दातांत विडी देण्याची गंमत मुलांना सुचते. शिक्षकांनी तिला हसून मूक संमती देऊ नये. कपाटातील कवटी खरी आहे अशी शंका आल्यास ती अडगळीत किंवा उकिरड्यावर टाकण्यापूर्वी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा सल्ला घ्यावा. धुळ्यास १९८९ पासून, तर जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

या महाविद्यालयांना देह मिळण्याची तरतूद १९४९ च्या ॲनॅटमी ॲक्टने केली आहे. कोणी दावा न सांगितलेले देह आणि दान केलेले देह, दोन्ही त्यात येतात. हेतू मात्र शरीररचनेचा अभ्यास, विच्छेदन आणि तत्सम कार्याचा आहे. भावी डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात शव हा पहिला शिक्षक, असा स्वतंत्र पाठही आता असतो. विच्छेदनगृहात शिस्त असते, शिकविणारा असतो, दारही बंद असते. यात्रेच्या मंडपात यांपैकी काहीच नसते. कायद्याने अभ्यासासाठी दिलेला बेवारस देह गर्दीपुढे मांडणे, हे त्या हेतूत बसते असे आम्हांस वाटत नाही.

‘बेवारस’ हा शब्द कागदावर लिहिण्यास फार सोपा आहे. ऊसतोडीला किंवा रेल्वेने दूरवर मजुरीला गेलेला माणूस वाटेत मरण पावतो आणि त्याच्या घरी वार्ताच पोहोचत नाही. वारस असतात, त्यांना ठाऊक नसते. यास्तव अनोळखी मृतदेह आढळल्यास पोलीस पाटील व ग्रामपंचायत सदस्यांनी वर्णन, कपडे, गोंदण यांची नीट नोंद होते की नाही हे पाहावे आणि आसपासच्या गावांत विचारपूस करावी. ज्यांना देहदान करावयाचे असेल, त्यांनी हयातीतच महाविद्यालयाकडून अर्ज घेऊन भरावा आणि घरच्यांना तसे स्पष्ट सांगून ठेवावे. कारण ऐन वेळी निरोप पाठवावयाचा असतो तो घरच्यांनाच.

यात्रेतील मंडपासाठी मातीची किंवा प्लास्टरची प्रतिकृती आणि समजावून सांगणारी एखादी आरोग्यसेविका पुरेशी आहे.