'जेठी' शब्दाचा अर्थ

जुन्या कागदांत 'जेठी' हा शब्द आला म्हणजे वाचणाराचें मन सहज ज्येष्ठ मासाकडे किंवा घरांतील वडील माणसाकडे वळतें. या शब्दास तिसराहि एक अर्थ आहे. कुस्तीच्या सामन्यांत उतरणारा मल्ल. तो लक्षांत न राहिल्यास कागदांतील मुख्य माणूसच हरवतो, म्हणून हें टिपण.

व्युत्पत्ति सरळ आहे. संस्कृत 'ज्येष्ठ', प्राकृत 'जेट्ठ', त्यावरून 'जेठी'. 'ज्येष्ठ' हें रूप पाणिनीनें दोन सूत्रांनीं (५.३.६१ व ५.३.६२) साधिलें आहे, एकानें 'प्रशस्य' शब्दापासून, दुसऱ्यानें 'वृद्ध' शब्दापासून. अर्थात् 'सर्वांत उत्तम' व 'सर्वांत वडील' हे दोन्ही अर्थ मुळांतलेच होत. मल्लवाचक 'जेठी' हा पहिल्या अर्थाचा वंशज आहे, असें आमचें मत आहे.

यास आधार मानसोल्लासाचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मल्लविनोदाचें प्रकरण असून तेथें मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग केले आहेत. येथें 'ज्येष्ठिक' म्हणजे वयोवृद्ध नव्हे, तर पहिल्या प्रतीचा मल्ल. पुढें प्रतीचें नांव ज्ञातीचें झालें. १९६४ सालीं बडोद्यास छापून निघालेलें मल्लपुराण हें मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें पुराण होय. आणि म्हैसूरच्या दसऱ्यांत वज्रमुष्टीचा सामना खेळणारे तेहि जेट्टीच.

संतवाङ्मयांतील 'जगजेठी' शब्दाकडेहि याच दृष्टीनें पाहावें. 'जगांत वडील' हा त्याचा अर्थ खराच; परंतु ज्या श्रोत्यांस गांवोगांवचे आखाडे परिचित होते, त्यांच्या कानांत 'जगांतील अजिंक्य मल्ल' हाहि ध्वनि उमटत असला पाहिजे. दोहोंपैकीं एक अर्थ टाकून देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

आतां वाचनाची अडचण. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राहत नाहीं व अनुस्वार बहुधा गाळला जातो. त्यामुळें 'जेठीं' म्हणजे ज्येष्ठ मासीं, आणि 'जेठी' म्हणजे मल्ल, हीं दोन्ही एकाच आकृतींत दिसतात. निर्णय संदर्भानेंच करावा लागतो. जवळ तिथि, पक्ष किंवा हप्त्याची मुदत असेल तर मास समजावा; खुराक, तालीम, आखाडा किंवा इनाम असेल तर मल्ल.

नक्कल करणारांस आमची एवढीच विनंति कीं, संशयस्थळीं अक्षरें जशींच्या तशीं उतरावीं, 'ज्येष्ठीं' अशी शुद्धि करूं नये. मूळ कागद कसरीच्या तोंडीं गेल्यावर नक्कलच प्रमाण ठरते. आणि एकदां त्या नकलेंत मल्लाचा महिना झाला, कीं पुन्हां त्याचा मल्ल करणें कोणाच्याहि हातीं राहत नाहीं.