उंदराच्या हृदयाने काय कळत नाही

प्रयोगशाळेतल्या उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते, आपले साधारण सत्तर. फरक नुसत्या वेगाचा नाही. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतून पोटॅशियम बाहेर पडले, की पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. माणसात हे काम बऱ्याच अंशी ‘हर्ग’ नावाच्या चॅनेलमधून होते. प्रौढ उंदराचे हृदय त्याहून जलद अशा वेगळ्याच चॅनेलांवर चालते. त्यामुळे हर्ग अडवणाऱ्या औषधाचा धोका उंदराच्या ईसीजीत सहसा दिसतच नाही. माणसाच्या ईसीजीत मात्र क्यूटी हे अंतर लांबते आणि कधी ‘टॉरसाड द प्वांत’ हा तालबिघाड सुरू होतो. आलेखाला दोरीसारखा पीळ पडतो, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो.

म्हणून हृदयतालाच्या औषधांसाठी ससा, गिनीपिग आणि कुत्रा यांच्याकडे वळावे लागते. त्यांच्या हृदयात हर्ग कामाला असतो.

ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी 1890च्या दशकात जर्मनीत बसवलेली पद्धत आजही वापरात आहे. भूल दिलेल्या सशाचे हृदय काढून त्याची महाधमनी एका नळीवर बांधतात आणि नळीतून शरीराइतके कोमट, प्राणवायू मिसळलेले क्षारद्रावण उलट्या दिशेने सोडतात. महाधमनीची झडप मिटते, द्रावण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरते आणि शरीराबाहेरचे ते हृदय काही तास धडधडत राहते. द्रावणात औषध मिसळायचे आणि आलेख पाहायचा.

सशांनी दिलेले मोठे उत्तर म्हणजे अमिओडॅरोन. हे औषध मुळात छातीतल्या कळांसाठी होते. ऑक्सफर्डमध्ये ब्रामा सिंग आणि वॉन विल्यम्स यांनी ते सशांना सहा आठवडे दिले, तेव्हा हृदयपेशींचा विद्युत आवेग लांबलेला आढळला. 1970 साली हे निष्कर्ष छापून आले. आज गंभीर तालबिघाडात डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात, त्यांत अमिओडॅरोन आहे.

पण जादा ठोके थांबले म्हणजे रुग्ण वाचला, हे गृहीतक अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीने मोडून काढले. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि ज्यांचे जादा ठोके औषधाने दबतात याची आधी खात्री केलेल्या रुग्णांना एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड दिले गेले. औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले, औषधविरहित गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. व्रण पडलेल्या हृदयात हीच औषधे घातक ठरली. निरोगी प्राण्यावरची चाचणी अशा वेळी किती अपुरी पडते, हे यातून लख्ख दिसते.

त्यामुळे कुत्र्यांवरचा एक कठीण प्रयोग महत्त्वाचा ठरतो. आधी हार्ट अटॅक घडवलेल्या कुत्र्याला सुमारे महिन्याने ट्रेडमिलवर पळवतात आणि दुसरी रक्तवाहिनी दोन मिनिटे बंद करतात. प्राण्यासाठी हे क्रूर आहे, यात शंका नाही. म्हणूनच ज्या प्रश्नाचे उत्तर पेशींवर मिळते, तो प्रश्न घेऊन प्राण्याकडे जाणे चुकीचेच.

मूळ पेशींपासून वाढवलेल्या मानवी हृदयपेशींवर हर्गची तपासणी आता होऊ लागली आहे. भारतानेही 2023 साली औषध चाचणीच्या नियमांत बदल करून प्राण्यांविना होणाऱ्या अशा पद्धतींना जागा दिली. मात्र बशीतल्या पेशींना ना तुंबलेली रक्तवाहिनी असते, ना हार्ट अटॅकचा व्रण. ‘कास्ट’मध्ये दिसलेला धोका ओळखायला त्या एकट्या अजून पुरेशा नाहीत.