अडकलेली द्राक्षं आणि अभ्यासक्रमातले गैरसमज

व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षी व्यवसायनीती, संघटनेचं पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय व्यापार हे विषय वेगवेगळ्या युनिटांत येतात. बहुधा वेगवेगळे प्राध्यापक ते शिकवतात आणि परीक्षेतही त्यांची गाठ पडत नाही. व्याख्या पाठ होतात, आणि त्यांच्यासोबत काही ठाम गैरसमजही. ते तपासायला महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांवर २०१० साली जे बेतलं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

त्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. बागेत हे नाव कोणी घेत नाही; तिथे ते लिहोसिन, नाहीतर नुसतं सीसीसी. वेलीची फाजील वाढ आटोक्यात राहावी आणि काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते देतात. भारतात द्राक्षावर ते वापरायला परवानगी होती. युरोपची मर्यादा मात्र किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत पाच भाग. निर्यातीआधी आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत सीसीसी नव्हतंच. त्यामुळे हातात प्रयोगशाळेचा ‘पास’ दाखला आणि माल परदेशातल्या बंदरात अडकलेला, अशी अवस्था झाली.

‘त्यांना आपला माल घ्यायचाच नव्हता, निमित्त शोधलं,’ हे अशा वेळचं सगळ्यात लोकप्रिय स्पष्टीकरण. त्याला वर्गात शिकलेल्या अर्धवट माहितीची जोड मिळते: जागतिक व्यापार संघटनेत सगळ्यांना एकच नियम, मग युरोपचा आकडा वेगळा कसा? वस्तुस्थिती अशी की १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेली ही संघटना अन्नाची मानकं ठरवतच नाही. तिच्या स्वच्छता आणि वनस्पती-स्वच्छताविषयक करारानुसार आपल्या नागरिकांच्या आरोग्यासाठी किती कडक राहायचं, हे प्रत्येक देश ठरवतो. अट एवढीच की नियमाला शास्त्रीय आधार हवा आणि परक्यांशी मनमानी भेदभाव नको. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाची मानकं संदर्भाला असतात, पण त्याहून कडक राहायला मुभा आहे. युरोपची मर्यादा तिथल्या शेतकऱ्यालाही लागू असते. मानकांच्या आडून बाजार राखला जातच नाही असं मी म्हणणार नाही, जातो. पण तशी तक्रार करायची तर ती पुराव्यानिशी करावी लागते.

‘निर्यातक्षम माल’ हा शब्दप्रयोगही जरा जपून वापरलेला बरा. आंब्याचं बघा. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली. आपल्याकडची तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवायचं ठरलं. अमेरिकेची अट निराळीच. तिथे जायचं तर आंब्यावर विकिरण प्रक्रिया हवी, आणि कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या लासलगावच्या केंद्रात ती २००७ पासून होऊ लागली. एकाच झाडाचा आंबा, पण प्रत्येक बाजाराचं म्हणणं वेगळं.

पुन्हा द्राक्षांकडे येतो, कारण नीतीचा प्रश्न तिथेच आहे. ‘कायदा पाळला म्हणजे नीती पाळली’ हा गैरसमज उत्तरपत्रिकांत फार आढळतो. २०१० मध्ये बागायतदाराने कायदा मोडला नव्हता. निर्यातदाराकडे दाखला होता, प्रयोगशाळेने दिलेली यादी पूर्ण तपासली होती. तरीही बरीच द्राक्षं कन्साइनमेंट पद्धतीने जात असल्यामुळे, म्हणजे भाव माल पोहोचल्यावर ठरत असल्यामुळे, तोट्याचा मोठा भार घरंगळत शेवटच्या माणसापर्यंत आला. युरोपच्या मर्यादा काय आहेत हे कळायला सगळ्यात सोपं कोणाला होतं? द्राक्ष पिकवणाऱ्याला नक्कीच नाही. ज्याचा धंदाच मुळी परदेशी बाजाराच्या माहितीवर चालतो, त्याच्यावर ती माहिती बांधापर्यंत पोहोचवायची जबाबदारी अधिक, असं माझं मत आहे. कुठल्याही कलमात हे लिहिलेलं नव्हतं. व्यवसायनीतीचं काम कलमं संपतात तिथूनच सुरू होतं.

याच गैरसमजाची शहरी आवृत्ती म्हणजे सीएसआर, कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार आदल्या वर्षी ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. हा नफा कसा खर्च करायचा याचा नियम झाला. नफा कसा कमावला, याबद्दल तो काही सांगत नाही. या कायद्याआधीचं उदाहरण घ्या. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातल्या हजारो कोटींच्या घोटाळ्याची कबुली दिली. त्याआधी काही महिनेच कंपनीला उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, आणि राजू कुटुंबाचं समाजकार्य आंध्रात सर्वांना माहीत होतं. स्वतंत्र संचालकही नामवंत होते. डिसेंबर २००८ मध्ये राजू कुटुंबाच्याच मेटास कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव संचालक मंडळाने मंजूर केला. गुंतवणूकदार खवळले, तेव्हा काही तासांत तो मागे घ्यावा लागला. पुरस्कार, समाजकार्य, स्वतंत्र संचालक या तिन्ही खुणा ठीकठाक असूनही आतला हिशेब खोटा होता.

आता संघटनेचं पर्यावरण. ‘बाह्य घटक आपल्या हाती नसतात, त्यांच्यावर फक्त नजर ठेवायची,’ असं पाठ्यपुस्तकातली आकृती सुचवते. एका बागायतदारापुरतं ते खरं आहे. पण शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था २००६ पासून होती: प्लॉटची नोंदणी, त्याच प्लॉटमधून प्रयोगशाळेने घेतलेला नमुना, तिथपासून पॅकहाऊस आणि पेटीपर्यंतचा माग. २०१० नंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आलं आणि गाडी रुळावर आली. युरोपचा नियम आपल्या हाती नव्हता, पण त्याला तोंड द्यायची ताकद बागायतदार, निर्यातदार, शास्त्रज्ञ आणि सरकारी यंत्रणा यांनी मिळून उभी केली.

आणि अडथळा नेहमी परदेशातूनच येतो असंही नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातीवर बंदी घातली ती आपल्याच केंद्र सरकारने. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावूनच. ते शुल्क पुढे निम्मं झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं. अशा काळात परदेशातला ग्राहक थांबून राहत नाही. तो दुसरा विक्रेता शोधतो आणि कधी कधी तिकडेच रमतो.

शुल्काचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने अनेक भारतीय मालांवर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा ‘भारताला ५० टक्के भरावे लागणार’ असं सर्रास बोललं गेलं. आयात शुल्क भरतो तो आयातदार, या बाबतीत अमेरिकेतला. तो मग भाव पाडून मागतो, गिऱ्हाइकाकडून वसूल करतो किंवा ऑर्डरच रद्द करतो. आपलं नुकसान होतं ते या वाटेने, तिथल्या कस्टमच्या खिडकीवर नव्हे.

राहिली व्यापार तूट. आयात म्हणजे तोटा आणि निर्यात म्हणजे नफा, हे घरखर्चाचं गणित देशाला लावलं की फसगत होते. तूट काळजीची असूच शकत नाही असं नाही. कशाची आयात आणि तिचे पैसे कुठून येतात, हे पाहावं लागतं. आपण कच्चं तेल आणतो, पण त्याच तेलापासून केलेली पेट्रोलियम उत्पादनं आपल्या मोठ्या निर्यातीत मोडतात. कच्चे हिरे बाहेरून येतात, सुरतेत घासले जातात आणि मुंबईतल्या भारत डायमंड बोर्समधल्या व्यापाऱ्यांमार्फत जगभर जातात. तूट कमी करायची म्हणून ही आयात थांबवली, तर आधी सुरतेतले हिरे घासणारे कारागीर घरी बसतील आणि मग निर्यातीचा आकडा घसरेल.