घरच्या चित्रपटगृहातील रिसीव्हर

घरात बसून चित्रपट पाहणाऱ्या कुटुंबांतून हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. पडद्यावर घोडी उधळतात, विमाने कोसळतात, वीज कडाडते; हे सारे भिंती हादरतील इतके स्पष्ट ऐकू येते. परंतु नायक जे दोन शब्द हळूच बोलला ते काय होते, हे मात्र शेजारी बसलेल्यास विचारावे लागते. मग रिमोट हाती घेऊन आवाज वाढविला जातो, पुढच्याच क्षणी स्फोट होतो, आणि तो घाईघाईने उतरवावा लागतो. घरातील वयस्क मंडळी दोन-चार वेळा "काय म्हणाला तो?" असे विचारतात; पुढे विचारण्याचे सोडून देऊन आतल्या खोलीत निघून जातात. त्यांच्या कानांना दोष देणे सोपे असते. वयोमानाने श्रवणशक्ती मंदावते हे खरे. तथापि पुष्कळ वेळा दोष कानांत नसून, मोठा खर्च करून आणलेल्या यंत्रणेच्या मांडणीत असतो, आणि एका दुपारच्या खटपटीने तो दूर होण्याजोगा असतो.

ह्या यंत्रणेच्या मध्यभागी जी जड चौकोनी पेटी असते तिला रिसीव्हर म्हणतात. नाव रेडिओच्या काळातले आहे. आजच्या पेटीतही बहुधा रेडिओ असतो, पण तिचे खरे काम निराळे आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, तबकडीयंत्र ह्यांपैकी कोणाचे ऐकावयाचे ते निवडणे, आलेल्या संकेतातून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा काढणे, आणि तो वाटा स्पीकर हलविण्याइतका बलवान करणे, ही तिची कामे. दुकानातून 'फाइव्ह पॉइंट वन' असा जो शब्द कानी पडतो त्यातील पाच म्हणजे समोरचे डावा, मधला व उजवा असे तीन, आणि बाजूंचे दोन स्पीकर. राहिलेला 'पॉइंट वन' म्हणजे केवळ खर्जासाठी असलेला सबवूफर. श्रवणीय ध्वनीच्या विस्तृत पट्ट्यापैकी अगदी तळचा लहानसा भाग त्याच्या वाट्याला येतो, म्हणून तो दशांशाने मोजावयाचा. ही रचना डॉल्बी डिजिटल ह्या रूपाने १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' ह्या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहांत आली, व पुढे डीव्हीडीच्या तबकड्यांवरून घरात शिरली. २०१२ पासून छतावरील स्पीकरांचीही तीत भर पडली आहे; परंतु जमिनीवरचे पाच नीट बोलू लागल्यावाचून छताकडे पाहण्यात फारसा अर्थ नाही.

पाचांमध्ये सर्वांत महत्त्वाचा कोणता, असे विचारल्यास बहुतेक लोक सबवूफरकडे बोट दाखवतील, कारण दुकानदार प्रथम त्याचाच प्रताप ऐकवितो. वस्तुतः महत्त्वाचा असतो तो मधला. चित्रपटाचे ध्वनिसंयोजन करणारे तंत्रज्ञ संवादांचा बहुतेक सर्व भाग त्याच एका चॅनेलवर ठेवतात. ह्यामागे इतिहास आहे. ॲलन ब्लुमलाइन हा इंग्रज अभियंता १९३१ साली भावी पत्नीसह बोलपट पाहण्यास गेला असता, नट पडद्याच्या एका बाजूस आणि त्याचा आवाज दुसऱ्या बाजूस, हा विसंवाद त्याला खटकला, असे सांगतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने दोन चॅनेलच्या ध्वनिपद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्टीरिओ म्हणून जग जिला ओळखते ती हीच कल्पना. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तीन स्वतंत्र तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविले. दोन बाजूंच्या कर्ण्यांमध्ये तिसरा ठेवला म्हणजे मधला आवाज सभागृहात कोठेही बसले तरी मध्येच राहतो, हा तीन तारांचा लाभ होता. घरातही हीच गोष्ट घडते. दोनच स्पीकर असतील तर बरोबर मध्ये बसलेल्यास संवाद पडद्यातून आल्यासारखे वाटतात. कडेच्या खुर्चीवरील आजोबांना मात्र ते जवळच्या स्पीकरमधून येतात, कारण जो आवाज कानावर आधी पोचतो त्याच्याच दिशेने कान ओढ घेतो.

असे असूनही घरोघरी सर्वांत वाईट जागा मिळते ती ह्या मधल्या स्पीकरलाच. टीव्हीखालच्या कपाटाचा खालचा कप्पा, पुढे काचेचे दार, आणि तोंड बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे! तो कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून घ्यावा, दार असल्यास उघडे ठेवावे किंवा काढून टाकावे, आणि पुढच्या बाजूस खाली रबराचे दोन तुकडे देऊन त्याचा रोख बसणाऱ्याच्या कानांकडे वळवावा. बोलण्याचा अर्थ कळतो तो मुख्यतः व्यंजनांवरून, आणि त, थ, फ, स ह्यांसारख्या व्यंजनांचा जोर स्वरांच्या मानाने फारच कमी असतो. स्पीकरचे तोंड दुसरीकडे वळले की प्रथम लोप पावतात ती हीच. उतारवयात कानही प्रथम ह्याच उंच पट्टीस मुकतो. कोणी मधला स्पीकर घेतलाच नसेल, तर रिसीव्हरच्या यादीत 'सेंटर'पुढे 'नाही' असे अवश्य लिहावे. मग तो संवाद डाव्या-उजव्यांत वाटून देतो. ही नोंद राहून गेली, तर संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि चित्रपट मुका होतो.

उरलेल्यांची मांडणी त्यामानाने सोपी आहे. डावा व उजवा हे बसणाऱ्याच्या दृष्टीने मध्यापासून सुमारे ३० अंशांवर, कानाच्या उंचीवर असावेत. बाजूचे दोन त्याच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, आणि कानापेक्षा फूट-दोन फूट उंच. आपल्याकडील बैठकीच्या खोलीत सोफा सहसा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे मागे जागाच नसते; अशा वेळी ते दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावावेत, डोक्यामागे टांगू नयेत. सबवूफरची योग्य जागा शोधण्याची एक युक्ती आहे. तो क्षणभर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे एखादे संथ वादन लावावे, आणि खोलीच्या कडेकडेने वाकून चालत ऐकावे. जेथे खर्ज घुमत नाही आणि नाहीसाही होत नाही तेथे सबवूफर ठेवावा. घरातील मंडळी हसतील, परंतु ही युक्ती अगदी शास्त्रशुद्ध आहे.

तारा जोडताना रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढलेला असावा. तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची दुपदरी तार दहा मीटरपर्यंत पुरते; त्याहून लांब जावयाचे असल्यास अडीचची घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही तांब्याची म्हणून मिळते, तेव्हा टोक खरवडून पाहावे. तारेचे आवरण साधारण एक सेंटिमीटर सोलून तंतू घट्ट पिळून घ्यावेत. एखादा चुकार तंतू शेजारच्या खुंटीस टेकला तर रिसीव्हर सुरू होताच स्वतःहून बंद पडतो, किंवा ह्याहून वाईटही काही होऊ शकते. लाल खुंटी लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलट झाली तर आवाज येतो, पण तो पोकळ येतो, खर्ज उडून जातो आणि कारण कळत नाही. शंका आल्यास तार रिसीव्हरपासून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा: धन टोक लाल तारेस लागताच पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर.

येथेच आणखी एक मोह आवरावा लागतो. घरात जुने स्पीकर पडलेले असतात, आणि तेही त्याच खुंट्यांना जोडून द्यावेत असे वाटते. आठ ओहमचे दोन स्पीकर असे शेजारी शेजारी जोडले की रिसीव्हरला ते चार ओहमचे दिसतात व दुप्पट प्रवाह द्यावा लागतो. रिसीव्हर तितक्या भारासाठी केलेला नसेल तर तो तापून बंद पडतो. वॉटच्या मोठाल्या आकड्यांनीही दिपून जाऊ नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो केवळ तीन डेसिबेलने. कानाला दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दसपट शक्ती लागते. शिवाय खोक्यावरचा आकडा बहुधा एक-दोन स्पीकर चालू असतानाचा असतो, पाचही चालू असतानाचा नव्हे.

टीव्ही व रिसीव्हर ह्यांमध्ये एच.डी.एम.आय. तार जोडावयाची ती दोन्हीकडे 'ए.आर.सी.' किंवा 'ई-ए.आर.सी.' असे लिहिलेल्या खाचेतच. २००९ पासून ह्या तारेतून टीव्हीचा आवाज उलट दिशेने रिसीव्हरकडे येऊ शकतो, मात्र दुसऱ्या खाचेतून तो येत नाही, आणि निम्मे लोक येथेच अडकतात. नंतर टीव्हीच्या यादीत त्याचे स्वतःचे स्पीकर बंद करावेत. ते चालू राहिले तर दोन आवाज किंचित मागेपुढे येतात आणि शब्दांना शेपटी फुटते.

आता मोजमाप. बहुतेक रिसीव्हरांबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो, आणि पुष्कळ घरांत तो खोक्यातच राहतो. ही मोठीच हानी होय. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून एकेक खूण-आवाज काढतो, तो मायक्रोफोनपर्यंत येण्यास किती वेळ लागला व किती जोराने आला हे मोजतो, आणि त्यावरून सर्वांचा मेळ घालतो. आवाजाला एक मीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. जवळचा स्पीकर तेवढा थांबविला की सर्वांचा आवाज एकदम पोचतो. मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, शक्यतो कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर बसवावा. हातात धरू नये आणि सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये. पंखा, कूलर बंद, मुले बाहेर, आणि कुकरची शिट्टी होऊन गेल्यावरच सुरुवात करावी.

यंत्राचा निकाल मात्र डोळे मिटून स्वीकारू नये. लहान स्पीकरांनाही ते पुष्कळदा 'लार्ज' ठरविते. त्यांना 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झवर ठेवावा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो आणि लहान स्पीकर बोलण्याच्या कामास मोकळे राहतात. सबवूफरचे अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखविले जाते; ते तसेच राहू द्यावे, कारण त्याच्या आतील मंडलांत होणारा विलंब त्यात धरलेला असतो. आणि अखेरीस मधल्या स्पीकरची पातळी दोन ते तीन डेसिबेलने वाढवावी. संवादांच्या तक्रारीवर ह्याहून स्वस्त उपाय नाही. कसोटीसाठी गाणे लावू नये, बातम्या लावाव्यात. मनुष्याचा आवाज कसा असतो हे प्रत्येकाच्या कानाला उपजत ठाऊक असते, म्हणून त्यातील खोट लगेच कळते.

आवाजाचा आकडा उणे का दिसतो, ह्याचे अनेकांस कोडे पडते. येथे शून्य म्हणजे चित्रपटगृहातील ठरावीक पातळी, आणि उणे वीस म्हणजे तिच्याहून वीस डेसिबेल कमी. घरच्या खोलीत शून्यापर्यंत जाण्याचे कारण पडू नये. रात्री 'नाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' ह्या नावाची सोय चालू करावी. ती मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलते, आणि स्फोट व कुजबुज ह्यांतील दरी कमी होते. शेजाऱ्यांचाही विचार आहेच. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि भिंतीतून पलीकडे जातो तो संवाद नव्हे, खर्ज. सबवूफर तेवढा उतरविला की काम भागते.

जुन्या बोलपटांची गोष्ट वेगळी. 'अयोध्येचा राजा' (१९३२) किंवा 'संत तुकाराम' (१९३६) ह्यांचा ध्वनी मुळात एकाच चॅनेलचा आहे. तो दोन बाजूंनी सारखाच येत असता 'डॉल्बी सराउंड' ही योजना निवडल्यास रिसीव्हर तो समान भाग ओळखून मधल्या स्पीकरकडे पाठवितो, आणि बोलणे पडद्यातून येऊ लागते. 'हॉल', 'स्टेडियम' अशा नावांच्या करामतींपासून दूर राहावे. देहूच्या घरातील संभाषण क्रीडांगणावर चालल्यासारखे ऐकण्यात कसला आनंद?

एवढे करूनही बोलणे घुमत असेल तर खोलीकडे पाहावे. हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. १८९५ साली वॉलेस सबाइन ह्या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपविण्यात आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणून, किती गाद्यांनी घुमारा किती उतरतो हे मोजले, आणि सकाळच्या आत त्या परत नेऊन ठेवल्या. फरशीची जमीन, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या आपल्या खोल्यांना हेच औषध लागू पडते: सोफ्यापुढे जाड सतरंजी, खिडकीला घडीचे पडदे, आणि एखाद्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट.

रिसीव्हर भरपूर तापतो, सबब त्याच्या वर वीतभर जागा मोकळी सोडावी. रेडिओवर भरतकामाचा रुमाल घालण्याची जुनी हौस ह्या यंत्रावर करू नये; ग्वाल्हेर-इंदूरकडील मे महिन्यात तर मुळीच नाही. गोव्याच्या किंवा कोकणाच्या खाऱ्या दमट हवेत तारांची उघडी टोके हिरवी पडतात. दर पावसाळ्यानंतर तेवढे टोक कापून, नवे सोलून, पुन्हा घट्ट बसवावे. विजांचा गडगडाट सुरू होताच प्लग भिंतीतून काढावा, आणि केबलची तारही.