उपचार ठरल्याप्रमाणे झाले काय?

वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होणारे काडतूस मापाने पारखता येते. औषधाची मात्राही मोजता येते. परंतु पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा कामास यावा म्हणून करून घेतला जाणारा व्यायाम दोन माणसांमध्ये घडतो. उपचार करणारी व्यक्ती बदलली की तो उपचारही नकळत बदलतो. म्हणूनच पुनर्वसनविषयक संशोधनात 'उपचार योजल्याप्रमाणे झाले काय?' हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

भारतातील 14 रुग्णालयांत पक्षाघाताच्या 1,250 रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. नातेवाइकांना शिकवून घरच्या घरी व्यायाम करून घेण्याची पद्धत त्यात पारखली गेली. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या अथवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्केच आढळले. असा निष्कर्ष हाती आला की दोन शक्यता संभवतात : मूळ पद्धतच निरुपयोगी असेल, किंवा ती रुग्णापर्यंत पुरेशी पोचली नसेल. प्रत्यक्ष कामाची नोंद असल्याखेरीज यांतील खरे कारण सांगता येत नाही.

यासाठी चार गोष्टी आवश्यक आहेत. उपचाराची लिखित पुस्तिका हवी. सर्व उपचारकांना एकच प्रशिक्षण देऊन त्यांची परीक्षा घ्यावी. काही बैठकींचे निरीक्षण वा ध्वनिमुद्रण करून ते गुणतक्त्यानुसार तपासावे. शेवटी, शिकविलेले रुग्णाला समजले काय व घरी ते घडते काय, हेही पाहावे.

गोव्यात नैराश्यावरील समुपदेशनाच्या अभ्यासात या मार्गाचा अवलंब झाला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील 495 रुग्णांचा त्यात समावेश होता. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते; त्यांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण ऐकून सहकारीच एकमेकांना गुण देत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के, तर इतरांपैकी 39 टक्के रुग्ण नैराश्यमुक्त झाले. यश नेमके कोणत्या उपचाराचे, हे अशा तपासणीमुळेच खात्रीने सांगता येते.

जेथे उपचारतज्ज्ञ सहज उपलब्ध नाहीत, तेथे घरचे लोक व क्षेत्रीय कार्यकर्ते यांच्यावरच पुनर्वसनाची भिस्त राहते. अशा योजनांचा आढावा घेताना पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी केवळ गृहभेटींची संख्या पाहून समाधान मानू नये. भेटीत काय शिकविले गेले आणि पुढे घरी काय घडले, याचीही विचारणा व्हावी. योजना चालू ठेवावी, सुधारावी की सोडून द्यावी, याचा न्याय्य निर्णय त्या उत्तरांवरच अवलंबून आहे.